दूरदर्शनचा प्रेक्षक कोणी नेला? चोपड्याच्या केबलवाल्याचं उत्तर

शिरपूरच्या एका मुलीने मला विचारलंय. ती जळगावला विद्यापीठात पत्रकारिता शिकते. प्रश्न असा: “दूरदर्शनसारख्या राष्ट्रीय प्रसारकाचे प्रेक्षक ओटीटी आणि यूट्यूबने पळवले, असं सगळीकडे वाचते. काका, तुम्ही तीस वर्षांहून जास्त काळ घरोघर टीव्ही जोडताय. आपल्या खान्देशात हे खरंच दिसतं का? आणि प्रबंधासाठी हे मोजायचं कसं?”

ताई, पहिल्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो. दूरदर्शनचा प्रेक्षक मोबाइलने नेला नाही. तो आम्ही नेला, केबलवाल्यांनी, आणि तो १९९२ ते २००० च्या दरम्यानच गेला. मोबाइल आज जो प्रेक्षक नेतोय, तो आमचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर तुमचा प्रबंध पहिल्या पानावरच घसरेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली लागलो. तेव्हा टीव्ही आणि दूरदर्शन हे दोन वेगळे शब्दच नव्हते. १९८४ पासून सरकारने देशभर भराभर १०० वॅटचे छोटे प्रक्षेपक उभे केले होते. अशा प्रक्षेपकाची पोच पंधरा-वीस, फार तर पंचवीस किलोमीटर. त्यापलीकडच्या गावांना लांब लोखंडी पाइप, वर अँटेना आणि खाली बूस्टर लावल्याशिवाय चित्र धड यायचं नाही. चैत्र-वैशाखात वारा सुटला की पाइप फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या. माझी निम्मी कमाई त्या मुंग्यांवरच होती.

त्या काळात सगळे दूरदर्शन बघायचे हे खरं. पण त्या संख्येला लोक आज दूरदर्शनची लोकप्रियता म्हणतात, ते मला पटत नाही. गावात एकच व्यापारी असेल तर सगळ्यांचा कापूस त्याच्याच काट्यावर जाणार. त्यावरून त्याचा भाव चांगला होता असं ठरत नाही. काही कार्यक्रमांवर लोकांचा मनापासून जीव होता. संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम लागला की अडावद-धानोऱ्याकडचे केळीवाले हातातलं काम टाकून बसायचे, आणि करप्यावर काय फवारायचं ते वहीत लिहून घ्यायचे. तो प्रेक्षक खरा. बाकीचा बराचसा दुसरं काही नव्हतं म्हणून होता.

मग १९९१ ला आखाती युद्ध झालं. शहरांत मोठ्या छत्र्या, म्हणजे डिश अँटेना, आल्या, परदेशी वाहिन्या दिसू लागल्या. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला. आमच्याकडे तोवर केबल म्हणजे व्हीसीआरवर संध्याकाळी एक सिनेमा, एवढंच. मी आणि दोघा मित्रांनी मिळून जाळीची बारा फुटी छत्री उभी केली, गच्चीवरून गच्चीवर, निंबाच्या झाडावरून तार ओढली, आणि महिन्याला साठ-सत्तर रुपये वसुली सुरू केली. लोक रांग लावून जोडणी घेत होते. पुढे १९९९ ला अल्फा मराठी आणि २००० ला ई टीव्ही मराठी आली, आणि दूरदर्शनकडे उरलेला घट्ट मराठी प्रेक्षकही हलला. बायकांची संध्याकाळ तिकडे गेली. दूरदर्शनकडे राहिल्या सात वाजताच्या मराठी बातम्या, त्याही घरातल्या वडीलधाऱ्या माणसांमुळे.

इथे कायद्याची एक गोष्ट समजून घ्या, कारण आकडे वाचताना ती लागेल. १९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणं आम्हाला बंधनकारक केलं, आणि २००० च्या दुरुस्तीने त्यातल्या दोन तरी पहिल्या पट्ट्यात दाखवायच्या, म्हणजे जुन्या आठ-बारा बटणांच्या टीव्हीवरही त्या लागल्याच पाहिजेत. म्हणून कागदावर दूरदर्शन प्रत्येक केबलच्या घरात पोचलेलंच असतं. पोचणं आणि पाहणं यांत मात्र सातपुडा आणि तापी यांच्याएवढं अंतर आहे. “दूरदर्शनची पोच इतके टक्के” असं वाक्य कुठे दिसलं तर तिथे थांबा आणि विचारा, की हे पोचण्याचं सांगताहेत की पाहण्याचं?

आता ज्या गोष्टीबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, आणि माझ्या मते तुमचा खरा विषय जिथे आहे, तिकडे येतो. फ्री डिश.

डिसेंबर २००४ मध्ये प्रसारभारतीने, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या सरकारी संस्थेने, डीडी डायरेक्ट प्लस नावाने ३३ वाहिन्यांची मोफत सेवा सुरू केली. २०१४ मध्ये तिला फ्री डिश हे नाव मिळालं. एकदाच छत्री आणि बॉक्स घ्यायचा, दीड-दोन हजारांत काम होतं, नंतर महिन्याला एक रुपया नाही. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्या भागातून छत्री आग्नेयेला धरायची आणि नजर साधारण अठ्ठावन्न अंश वर. लोकांना गंमत वाटते, पण मी गावात शिरलो की छत्र्यांची तोंडं बघून सांगतो कोणत्या घरात काय चालतं. एका खासगी कंपनीचा उपग्रह ९५ अंशांवर आहे, म्हणजे फक्त दीड अंशाचा फरक. ज्याचं रिचार्ज संपलं आणि परत भरायची ऐपत नाही, तो मला बोलावतो. मी छत्री केसभर सरकवतो, बॉक्स बदलतो, आणि ते घर फ्री डिशवर येतं. गेल्या सहा-सात वर्षांत हे काम मी इतक्या घरांत केलंय की त्याची मोजदाद ठेवली नाही.

देशभराचा अंदाज सांगतो. २०२४ मध्ये फ्री डिशची घरं सुमारे ४.९ कोटी धरली जातात. पैसे भरून बघणाऱ्यांचं उलट आहे. केबल, डीटीएच असं सगळं मिळून २०१८ मध्ये १५.१ कोटी घरं होती, ती २०२४ मध्ये ११.१ कोटींवर आली. हा आकडा केबल वितरकांच्या संघटनेने करवून घेतलेल्या अहवालातला आहे. मला तो वाचून धक्का बसला नाही. माझ्या जोडण्या निम्म्याहून कमी राहिल्यात, आणि दर महिन्याच्या वसुलीला दोन-चार घरं “भाऊ, आता काढून न्या” म्हणतातच.

म्हणजे दूरदर्शन वाढलं म्हणायचं? इथेच गुंता आहे. ज्या घरात सरकारी छत्री आहे, त्या घरात सरकारी वाहिनी लागतेच असं नाही. फ्री डिशवरच्या जागांचा ई-लिलाव होतो, खासगी वाहिन्या कोटींच्या बोली लावून तिथे बसतात. लोक बघतात ते जुने हिंदी सिनेमे, दाक्षिणात्य सिनेमांचे हिंदी अवतार, कीर्तन, बातम्यांचा गदारोळ. ताट सरकारचं, जेवण दुसऱ्याचं. २०१९ च्या मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या मोफत मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या, तेव्हा मला गावागावांतून फोन आले. २०२० मध्ये त्या वाहिन्या परत आल्या, २०२२ मध्ये पुन्हा काही गेल्या. पण या सगळ्या काळात “दूरदर्शनची वाहिनी दिसत नाही” म्हणून मला आलेले फोन बोटांवर मोजता येतील. हे मी आनंदाने लिहीत नाही. ज्या संस्थेच्या चित्रातल्या मुंग्या काढत माझं पोट चाललं, तिच्याबद्दल लिहितोय.

तेव्हा दूरदर्शनला दोन संस्था समजून मोजा. एक वाहिनी, तिचा प्रेक्षक पंचवीस वर्षांपूर्वी गेला आणि परत आलेला नाही. दुसरी वाट, म्हणजे फ्री डिश, ती वाढतेच आहे, आणि तिच्यावरून चालणारे बहुतेक गरीब आहेत.

ही वाट वाढायला आमचाच धंदा कारण ठरला, तेही सांगितलं पाहिजे. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामकाची, नवी दरपद्धत आली. तेव्हा १०० वाहिन्यांचं मूळ भाडं १३० रुपये होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्या शंभरात पंचवीस वाहिन्या दूरदर्शनच्या सक्तीच्या. आवडीच्या खासगी वाहिन्यांचे पैसे वेगळे. हेतू असा होता की ग्राहकाने हवं तेवढंच घ्यावं. पण आमच्याकडे जो आधी दीडशे-दोनशेत सगळं बघत होता, त्याचं बिल तीनशेच्या पुढे गेलं. कापूस वेचणाऱ्या बाईला मी काय समजावणार? तिने पोराला सांगितलं, काढून टाक. त्याआधी डिजिटायझेशनमध्ये प्रत्येक घराला बॉक्स घ्यावा लागलाच होता. एकाच माणसाच्या खिशावर किती वेळा हात टाकायचा?

मोबाइलचं म्हणाल तर तारीख पक्की आहे: ५ सप्टेंबर २०१६, जिओ सुरू झालं तो दिवस. त्याआधी एक जीबीला दोन-अडीचशे रुपये पडायचे. त्या दिवाळीत चोपड्याच्या बसस्टँडवर मी पहिल्यांदा पाहिलं, की बसची वाट बघणारा प्रत्येक जण खाली मान घालून काहीतरी बघतोय.

शहरातली माणसं या बदलाचं कारण देतात आवडनिवड, वेबसिरीज, जाहिराती नकोत वगैरे. आपल्याकडे सगळ्यात मोठं कारण वीज आहे. शेतीपंपाला आठवड्याआड रात्रीची पाळी असते. माणूस रात्री अकराला केळीला पाणी द्यायला जातो आणि पहाटे येतो. सात वाजताच्या बातम्या आणि आठची मालिका त्याच्या आयुष्यात बसणार कशी? बांधावर बसून तो मोबाइल बघतो. घरी भारनियमन असलं की टीव्ही बंद पडतो, मोबाइल चालूच. वेळापत्रक धरून बसणाऱ्या कोणत्याही वाहिनीला, सरकारी असो की खासगी, हा माणूस आता मिळणार नाही. फक्त चांगले कार्यक्रम करून तो परत येईल असं जे म्हणतात, त्यांनी एकदा रात्रीच्या पाळीला शेतात यावं.

आणि दुसरं कारण आपली बोली. याबद्दल मला तळमळ आहे म्हणून जास्त लिहितो. आमच्या लहानपणी अहिराणी बाहेर ऐकू यायची ती आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावर. ९६३ किलोहर्ट्झवर आपल्या बोलीतलं गाणं लागलं की आई चुलीपुढून हाक मारायची, “आवाज वाढव.” टीव्हीवर ते भाग्य आम्हाला कधी मिळालं नाही. मुंबईच्या दूरदर्शनला खान्देश म्हणजे बहिणाबाई आणि वांग्याचं भरीत. बहिणाबाई आमचा प्राण आहे, पण त्यांच्यापुढेही इथे माणसं राहतात, भांडतात, लग्नं करतात, कानबाई बसवतात, गिरणेच्या पाण्यावरून बोलतात. खासगी मराठी वाहिन्यांनीही अहिराणी वापरली ती बहुतेक हसवण्यापुरती. मग धुळे-मालेगावकडच्या पोरांनी मोबाइल आणि साधा कॅमेरा घेऊन स्वतःच विनोदी फिती आणि गाणी बनवायला घेतली. आज काही अहिराणी गाण्यांची दर्शकसंख्या यूट्यूबवर कोटींत आहे. लग्नाच्या हळदीला दुसरं काही वाजत नाही. हा प्रेक्षक दूरदर्शनकडून कोणी पळवलेला नाही. त्याच्यासाठी इतकी वर्षं कोणी काही केलंच नव्हतं. सातपुड्यात तर आणखी कठीण. आमच्या तालुक्यातल्या वैजापूरच्या वरच्या पाड्यांवर आदिवासी पावरी बोली बोलतात. पावरीत रोज काही बघायला मिळतंय असं राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर मी कधी पाहिलं नाही. सरकारने २०२३ मध्ये प्रसारणाच्या पायाभूत कामांसाठी सुमारे २,५४० कोटींची योजना मंजूर केली, त्यात आदिवासी, दुर्गम आणि सीमेवरच्या भागांत ८ लाखांहून अधिक फ्री डिश बॉक्स मोफत द्यायचं ठरलं. बॉक्स चांगलाच आहे. त्यात काय दिसणार, हा प्रश्न राहतो.

क्रिकेटचं एक वेगळं आहे. भारताचे महत्त्वाचे सामने खासगी वाहिनीने दूरदर्शनला द्यायचे, असा २००७ चा कायदा आहे. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की असं घेतलेलं चित्र दूरदर्शनने स्वतःच्या प्रक्षेपकांवर आणि फ्री डिशवरच दाखवावं, केबल आणि खासगी डीटीएचवर नाही. त्यामुळे सामन्याच्या दिवशी माझा फोन दुपारपासून वाजतो, “भो, मॅच दिखत नही!” शेजारच्या झोपडीत फुकटच्या छत्रीवर मॅच चालू असते आणि महिन्याला तीनशे भरणाऱ्याच्या दूरदर्शनवर दुसरंच काहीतरी. मी किती जणांना हा निकाल समजावून सांगितला असेल! निकाल कायद्याने बरोबर असेल, पण त्यामुळेही माझी घरं गेली. त्यांतली काही फ्री डिशवर गेली, काही मोबाइलवर. २०२३ ला आयपीएल मोबाइलवर फुकट दिसली, तेव्हा तर पोरांनी टीव्हीकडे पाहिलंही नाही.

आणि लोक दूरदर्शनला कायमचे विटलेत असंही समजू नका. २०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून रामायण पुन्हा दाखवायला लागले. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला, असं दूरदर्शननेच जाहीर केलं. मला त्या दिवसांत येणारे फोन एकाच गोष्टीसाठी होते, “दूरदर्शन कितव्या नंबरवर आहे?” वीस-पंचवीस वर्षांत ज्यांनी ते बटण दाबलं नव्हतं ते विचारत होते. त्या मालिका संपल्या आणि लोक जिथून आले होते तिथे परत गेले. जुनं भांडार उघडून आलेला पाहुणा नव्या स्वयंपाकाशिवाय थांबत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसारभारतीने वेव्ह्‌ज नावाचा स्वतःचा ओटीटी मंच आणला. जुना खजिना तिथे ठेवताहेत ही मोलाची गोष्ट आहे. मी ज्या घरांत स्मार्ट टीव्ही लावतो, तिथे स्वतःहून तो सुरू करून देतो. पण रिमोटवर ज्यांची बटणं छापलेली येतात त्यांत तो नाही, आणि आपल्याकडचा माणूस रिमोटवरच्या बटणापलीकडे शोधायला जात नाही.

परदेशातले आकडे तुमच्या मार्गदर्शकांनी मागितले तर हे दोन द्या. अमेरिकेत मे २०२५ मध्ये इंटरनेटवरून बघणं, ४४.८ टक्के, हे साध्या आणि केबल टीव्हीच्या बेरजेपेक्षा पहिल्यांदाच जास्त झालं, असं प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीने सांगितलं. ब्रिटनमध्ये २०२५ च्या उन्हाळ्यात तिथल्या नियामकाने सांगितलं, की बीबीसीनंतर सर्वाधिक पाहिलं जातं ते यूट्यूब. पण तिकडचं जसंच्या तसं इकडे लावू नका. बीबीसीसाठी तिथली थेट टीव्ही बघणारी घरं परवाना शुल्क भरतात, म्हणून घर सुटलं की पैसा सुटतो. आपल्याकडे पोस्टात भरायचा तो टीव्ही परवाना ऐंशीच्या दशकातच बंद झाला. दूरदर्शनला प्रेक्षक गेल्याचं दुखणं थेट गल्ल्यात कळत नाही, आणि माझ्या मते दुखणं इतकं लांबलं ते त्यामुळेच.

आता मोजायचं कसं. बार्क या टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे आकडे देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत बसवलेल्या मीटरवरून येतात. मोठ्या वाहिन्यांसाठी ते ठीक, एका तालुक्याबद्दल त्यांतून काही कळणार नाही. तुम्हाला घरं फिरावी लागतील. आणि “दूरदर्शन बघता का?” हा प्रश्न अजिबात विचारू नका. म्हातारी माणसं कोणत्याही टीव्हीला दूरदर्शन म्हणतात, ती हो म्हणतील. पोरं नाही म्हणतील, आणि घरावर सरकारी छत्री असेल. त्यापेक्षा आधी गच्चीकडे बघा, छत्री आहे का, कोणत्या दिशेला आहे, तारेला गंज चढलाय का. मग काल रात्री जेवताना काय लागलं होतं ते विचारा, “रोज काय बघता” हे नको. काल आठवतं, रोजचं लोक बनवून सांगतात. रिमोट हातात घ्या. कोणते आकडे पुसले गेलेत ते दिसतं, आणि ते आकडे खोटं बोलत नाहीत. घरात मोबाइल किती आणि रात्री दहानंतर कोणाच्या हातात कोणता, हे बायकांना विचारा, पुरुषांना नाही. शेतीपंपाची पाळी कोणत्या आठवड्यात दिवसाची होती ते लिहून ठेवा, नाहीतर दोन आठवड्यांची उत्तरं जुळणार नाहीत. केबल सोडलेल्या घरांना तर जरूर विचारा, की सोडून कुठे गेलात. तो रकाना कोणत्याच सर्वेक्षणात मला दिसलेला नाही.

चोपडा शहर, अडावदसारखं एक मोठं गाव आणि सातपुड्याच्या पायथ्याचा एक पाडा, एवढं केलंत तरी पुष्कळ होईल. पाड्यावर एकटीने जाऊ नका, भाषेची अडचण येईल. पावसाने फिरलेल्या छत्र्या सरळ करायला मी दसऱ्यानंतर वैजापूरच्या बाजूला जातो, सोबत पावरी बोलणारा एक पोरगा असतो. सकाळी सातला निघतो. यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा, आणि वहीसोबत एक टॉर्चही घ्या, तिथे संध्याकाळी वीज असेलच असं नाही.